धाकटीच्या आत्म्यासाठी

३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी बाईसाहेबांना आईची आठवण झाली, बरं वाटलं. पाकिटावर माझी पांढरी बोटं उमटली, कारण मी नुकतीच कामावरून आले होते आणि हाताला प्लास्टर तसंच होतं. हो, अजून कवळ्याच बनवते. तू निघून गेलीस म्हणून लोकांचे दात पडायचे थांबले नाहीत.

मार्चमध्ये आईला भेटायला येऊ का, असं विचारलंयस. नको येऊस.

कारण ऐक. आईचं हृदय आता नावालाच चालतं. डॉक्टर म्हणाले, हिला दुःखाचा धक्का नको आणि आनंदाचाही नको. काचबिंदूने डोळे गेले, समोर माणूस आहे की कपाट एवढंच कळतं. कानात यंत्र बसवलंय, त्यातून तिला सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात. माझ्यात आणि दूधवाल्यात तिला फरक कळत नाही. तेव्हा फोनचाही उपयोग नाही, आणि तुझा फोन मी उचलणारही नाही. फोनवर तू रडत बसशील आणि इकडे माझं दूध उतू जाईल. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मध्ये कोणी बोलत नाही.

शिवाय यंदा मला श्वास घ्यायला फुरसत नाही. पवित्र ज्युबिली वर्ष चालू आहे. तुला त्याचं काय म्हणा, घटस्फोट झालेल्या माणसाशी रजिस्टर लग्न करून तू चर्चकडे पाठ फिरवलीस. बिशपांच्या मोठ्या चर्चचं बाजूचं दार या वर्षापुरतं उघडलंय. पापं कबूल करून, ख्रिस्तप्रसाद घेऊन, प्रार्थना करत त्या दारातून आत गेलं की पापाची उरलेली शिक्षा माफ होते. आमचं प्रापंचिकांचं मंडळ दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मिनीबस करून जातं. बस ठरवणं, न्याहारी बांधून घेणं, म्हाताऱ्यांना चढवणं-उतरवणं, सगळं माझ्या गळ्यात, कारण जानेवारीपासून मी मंडळाची अध्यक्ष आहे. एकमताने निवडलं. तुला नवल वाटेल. मलाही वाटलं.

आई माझी आठवण काढते का, असंही विचारलंयस. काढते. मी तिची कवळी घासून देते, पाठ चोळते, नखं कापते, आणि ती विचारते, धाकटीचं पत्र आलं का. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. नाही आलं, म्हणून सांगितलं.

थोरली


१९ मार्च

धाकटे,

शाल पोचली. आईच्या खांद्यावर घातली आणि मंडळाने भेट दिली म्हणून सांगितलं. ऊबदार आहे. आता ती रोज मंडळासाठी एक जपमाळ म्हणते, म्हणजे तुझी शाल वाया गेली नाही.

लिहितेस की मीही तुझ्याबरोबर त्या दारातून येते, मग तरी तुझा राग जाईल. किती सोपं आहे ग तुझ्याकडे सगळं. अगं, त्या माणसाबरोबर संसार चालू असताना तुला पापांची क्षमाच मिळत नाही, तर दारातून जाऊन काय करशील? फार तर उन्हातून सावलीत येशील. नियम मी केलेला नाही. आणि तुझ्या वाटचं मी करावं म्हटलं, तर तेही चालत नाही. फादरना मी जानेवारीतच विचारलं होतं, बघ. तुझ्यासाठीच विचारलं होतं. ते म्हणाले, ही माफी माणूस स्वतःसाठी मिळवू शकतो, नाहीतर मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी. दुसऱ्या जिवंत माणसासाठी नाही. जिवंताने आपलं आपण बघायचं.

म्हणूनच तर मास्तरांनी ती कल्पना काढली. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त शिक्षक, बाबांचे मित्र, अजून प्रत्येकाला शुद्धलेखन शिकवतात. ते म्हणाले, वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकेक आत्मा घ्यायचा आणि वर्षभर त्याच्यासाठी जायचं. झालं, सगळे असे तुटून पडले की विचारू नकोस. नवरे, सासवा, गर्भात गेलेली मुलं. नर्सबाईंनी तर दोघांना घेतलं. बाबांना मी घेणार होते, पण मास्तरांनी आधीच हात वर केला, म्हणे मित्राचा हक्क. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमचं कोण, बाई?

आठ वर्षं मी त्या मंडळात आहे. तोपर्यंत मला एकच प्रश्न विचारला गेला होता, कपबशा विसळल्या का. लग्न झालं नाही म्हणून नवरा मेला नाही, मूल झालं नाही म्हणून मूल गेलं नाही. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मग मी एक आत्मा सांगितला. कोणाचा, ते तुला काय करायचंय. नर्सबाईंनी माझा हात हातात घेतला, तो चहा होईपर्यंत सोडला नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन घरांतून जेवण आलं आणि पुढच्या बैठकीत माझं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं गेलं. दुःख पचवलेलं माणूस पाहिजे, असं मास्तर म्हणाले.

एप्रिलमध्येही येऊ नकोस. आईची अन्नावरची वासना कमी झाली आहे, तिला शांत राहू दे.

थोरली


२७ मे

धाकटे,

तुझ्या शिव्या वाचल्या. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे.

सांत्वनाचं पत्र तुझ्या नवऱ्याला पाठवणं हा मास्तरांचा आगाऊपणा. मला न विचारता बाबांच्या जुन्या डायरीतून पत्ता शोधला, मजकूर लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ‘आपल्या पत्नीच्या अकाली निधनाबद्दल’ वगैरे. ते पाकीट तूच फोडलंस आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्वतःच्या मरणाची बातमी वाचलीस, हे वाईट झालं, मी कबूल करते. पण तूही दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडायला नको होतं.

तर हो. तो आत्मा तुझा. मी तुला घेतलं.

आता भडकण्याआधी नीट वाच. जिवंत आहेस तोवर तुझ्यासाठी कोणी काही करू शकत नाही, आणि तू तर स्वतःसाठीही करू शकत नाहीस. मेलीस तर करता येतं. मी तुला मारलं नाही, मी तुझी सोय केली. दर महिन्याला गुडघे दुखत असताना पायऱ्या चढून तुझं नाव घेऊन त्या दारातून जाते मी. पाच वेळा गेले. तू अजून जिवंत आहेस तर ती माफी जाते कुठे, असं तू खवचटपणे विचारलंयस. जमा होत असेल. देवाच्या घरी काही वाया जात नाही. तू जाशील तेव्हा तुझं आधीच भरलेलं असेल, आणखी काय पाहिजे?

पापनिवेदनात सांगितलंस का, म्हणतेस. नाही सांगितलं. जे पाप नाही ते सांगून फादरांचा वेळ का घ्यायचा?

आणि खरं सांगू, फार फरकही पडला नाही. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आली नाहीस. मला कळवलंच नाही म्हणतेस, पण ज्याला यायचं असतं तो कळवण्याची वाट बघत नाही. इथे नऊ वर्षं तू नव्हतीसच. मी फक्त ते चारचौघांत बोलून दाखवलं.

तापाने गेलीस, असं सांगितलंय. चार दिवसांचा ताप. फार हाल केले नाहीत तुझे.

थोरली


१६ जुलै

धाकटे,

पुढच्या आठवड्यात गाडीत बसते, येऊन सगळ्यांसमोर उभी राहते आणि तुझं पितळ उघडं पाडते, असं लिहिलंयस. बस की गाडीत. पण आधी हे वाच.

आईला कळलंय.

मी नाही सांगितलं. नर्सबाई दर बुधवारी आईचं ब्लडप्रेशर बघायला येतात. माणूस सोन्यासारखं, पण तोंडात तीळ भिजत नाही. पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, आजी, तुमच्या धाकटीसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो हं, एवढ्या लहान वयात गेली बिचारी. मी दारात उभी होते, हातात औषधाची वाटी. आईने माझ्या दिशेला तोंड केलं आणि विचारलं, ‘खरं का ग?’

तिथे मी नाही म्हटलं असतं तर? नर्सबाई समोर. सहा महिन्यांचं मंडळ, ती जेवणं, ते हात धरणं, सगळं एका शब्दात गेलं असतं आणि मी पुन्हा कपबशांपाशी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हो म्हटलं.

हृदय थांबेल असं वाटलं होतं, थांबलं नाही. डॉक्टरांना काय कळतं. ती रडलीही नाही. कवळी काढून माझ्या हातात दिली आणि त्या दिवसापासून पुन्हा तोंडात घातली नाही. ती कवळी मी केलेली आहे, धाकटे. तिच्या तरुणपणच्या फोटोवरून एकेक दात मेणात बसवला होता, पुढच्या दोन दातांमधली फटसुद्धा ठेवली होती. आता पाण्यात पडून आहे. नुसतं सूप घेते.

मला वाटलं होतं, तू नसलीस की ती माझ्याकडे वळेल. लिहायला लाज कशाची, वाटलं होतं. नऊ वर्षं पुढ्यात राबणारी एक आणि दूर बसून उंटावरून शेळ्या हाकणारी एक, तर निदान दुसरी गेल्यावर पहिली दिसावी की नाही? नाही दिसली. आधी दिवसातून एकदा तुझं नाव घ्यायची, आता दिवसभर घेते. तू लहानपणी कशी चालायचीस, कशी चिडायचीस. चिडायची मी. तेही तिने तुझ्या नावावर घातलं.

एकदा विचारलं, तिच्याजवळ शेवटी कोण होतं? नवरा होता असं म्हणवेना, त्या माणसाला एवढं पुण्य कशाला द्यायचं. म्हटलं, शेजारीण होती, चांगली बाई, शेवटपर्यंत हात धरून बसली होती. तेवढ्यावर जरा शांत झाली.

आता ये आणि सांग तिला, मी जिवंत आहे. एवढा आनंद तिच्या छातीला झेपला तर ठीक. नाही झेपला आणि ती तुझ्या मांडीवर गेली, तर ते तुझ्या हातून. मी तर तिला दुःखच दिलं, आणि ते तिने पचवलं.

थोरली


८ सप्टेंबर

धाकटे,

गाडीत बसली नाहीस, अक्कल आली म्हणायची. रोज एक पत्र पाठवतेस ती मात्र बंद कर. पोस्टमन विचारतो, कोण एवढं लिहितं, आणि तो आमच्या मंडळातल्या शिंपीणबाईंचा भाऊ आहे.

आई उतरत चाललीय. पायाला सूज आहे. डॉक्टर आता नुसतं खांद्यावर थोपटून जातात. तुला एकदा, फक्त एकदा बघायचंय तिला, त्यासाठी काय म्हणशील ते करते, असं तू लिहिलंयस. मग कर.

तिने एक हट्ट धरलाय. धाकटीजवळ जी शेजारीण होती तिला मला भेटव. शेवटी काय बोलली ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. रोज तेच. नर्सबाईंनाही सांगून ठेवलंय, त्यांनी मंडळाला सांगितलं, आणि मंडळ आता वर्गणी काढून त्या शेजारणीचं तिकीट पाठवायला निघालंय. मला पेच पडला. शेजारीण आणू कुठून? मग म्हटलं, एक आहे.

अटी लिहिते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेजारीण म्हणून यायचं. इथे तुला कोणी ओळखणार नाही, मंडळातले सगळे तू गेल्यानंतर या वस्तीत आलेत. ओळखणारे एकटे मास्तर, ते त्या दिवशी मुलीकडे गेलेले असतील, मी विचारून घेतलंय. आईला दिसत नाही, आवाज कळत नाही. तिला आजी म्हणायचं. आई म्हणायचं नाही, चुकूनसुद्धा. हात धरू दे, पण फार वेळ नको. नर्सबाई सगळा वेळ खोलीत बसतील, मीच बसवणार आहे. अर्धा तास, मग निघायचं. रडायचं असेल तर स्टेशनवर.

ताप चार दिवस होता हे लक्षात ठेव. काही विचारलं तर थोडक्यात सांग. फार रंगवू नकोस, तुला सवय आहे.

पटत असेल तर ये. नसेल तर आत्ताच तिला सांगून टाकते की शेजारीणही वारली.

थोरली


१२ डिसेंबर

धाकटे,

आई गेली. गेल्या सोमवारी सकाळी. मंगळवारी मिस्सा झाली आणि दुपारी मातीला दिलं. तुला आधी कळवलं नाही, कारण तू आली असतीस. मास्तर सगळा वेळ शवपेटीपाशीच उभे होते, आणि ते तुला लहानपणापासून ओळखतात. प्रवचनात फादर म्हणाले, आता मायलेकी भेटल्या असतील. सगळं चर्च रडलं. मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं.

वर्षाचा शेवटचा फेरा राहिलाय. तो मी आईसाठी करणार नाही. वर्षभर तुझं चालवलंय, मध्येच बदलता येत नाही. आईचा आत्मा नर्सबाईंनी मागून घेतला. म्हणाल्या, तुम्हाला आधीच एक ओझं आहे.

तू विचारलंयस, ऑक्टोबरात मी उठून गेल्यावर आई काय म्हणाली. सांगते, पण आधी तुझं काय चुकलं ते ऐक. अंगठी काढून यायला हवी होतीस, आईने बोटावर चाचपली. खुर्ची पलंगाला इतकी चिकटवायची गरज नव्हती. आणि शेवटी ती काय बोलली, असं आईने विचारलं तेव्हा ‘देवाचं नाव घेतलं’ एवढं सांगून भागलं असतं. ‘आईला बघायचंय म्हणाली,’ हे तुला कोणी सांगायला सांगितलं होतं? नर्सबाईंनी डोळ्याला पदर लावला. आई कितीतरी वेळ नुसती मान हलवत बसली. तिला ते पुरलं असतं आयुष्यभर, पण आयुष्यच किती राहिलं होतं.

मग तिने ते विचारलं. तुला आठवत असेलच, पण मी लिहिते, कारण तू त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ती मी विसरलेली नाही.

‘तुला आई आहे का ग?’

तू माझ्याकडे बघितलंस. मी नर्सबाईंकडे बघितलं.

‘आहे,’ म्हणालीस.

‘कशी असते तब्येत?’

‘बरी नसते.’

‘अगं मग इथे परक्या म्हातारीपाशी काय बसलीस? माझी यायची राहून गेली. तू तरी जा. ऊठ, तिच्याकडे जा.’

तू हललीच नाहीस. मला वाटलं, आता ही बोलणार. तोंड उघडलंही होतंस. पण तिने तुझा हात आपल्या मांडीवरून उचलला आणि तुझ्या मांडीवर ठेवून दिला. ‘ऊठ म्हणते ना. आईला असं वाट बघायला लावू नये.’ आणि तू उठलीस. दारापर्यंत नीट गेलीस, ते मला आवडलं. जिन्यात काय केलंस ते मी ऐकलं नाही, मी नळ सोडला होता.

तू गेल्यावर ती त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र सुरू केलं. तुझं नाव घेणं बंद झालं, एकदम बंद. त्याऐवजी रोज सकाळी एकच, ती शेजारीण पोचली का ग तिच्या आईकडे? मी म्हणायचे, पोचली. भेटली का? भेटली. म्हातारी बरी आहे का? बरी आहे. मग सूप प्यायची. न सांगितलं तर तोंड मिटून बसायची.

सोमवारीही विचारलं. मी चमचा धरला होता, कामावर जायची घाई होती. म्हटलं, हो ग बाई, पोचली, भेटली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हे मी पहिल्यांदाच म्हटलं, रोज रोज तेच सांगून कंटाळले होते. तिने माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि म्हणाली, ‘बरं झालं. एकीची तरी आली.’

त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. मी चमचा ओठांशी धरून दोनदा आई म्हणून हाक मारली. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने माझं काही विचारलं नाही.

थोरली